खंबाटकीत मान टाकणारी गाडी

काकांनी चावी टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू इंजिनात परत सोडणारी झडप. "हा बदलून झाला. चौदा हजार गेले. आता पुढचं तुम्ही बोला, मिस्त्री."

गाडी २०१३ ची, १.३ लिटर डिझेल, बीएस-४, दीड लाख किलोमीटर पळालेली. काकांनी ती दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. दर पंधरवड्याला साताऱ्याला लेकीकडे जातात, आणि खंबाटकीचा घाट चढायला लागली की गाडी मान टाकते. चेक इंजिनचा दिवा लागतो. कडेला घेऊन बंद-चालू केली की ताकद परत येते, दिवा मात्र तसाच राहतो.

स्कॅनर लावला. कोड पी-०४०१, म्हणजे ईजीआरचा फ्लो कमी. आधीच्या गॅरेजनेही हाच पाहिला असणार, आणि त्यात ईजीआर दिसलं म्हणून व्हॉल्व्ह बदलला असणार. पण परत फिरणारा वायू पुरेसा येत नाही, एवढंच हा कोड सांगतो. का येत नाही, ते आपण शोधायचं. नळाला पाणी नाही म्हणून तोटीच बदलली, त्यातला प्रकार.

मी आधी फ्रीझ फ्रेम उघडली, म्हणजे कोड बसतानाची गाडीने ठेवलेली नोंद. कोड बसला त्या क्षणी गाडीचा वेग ७४, इंजिन गरम, लोड अगदी कमी. हा घाट नव्हेच. ही खेड शिवापूर ते शिरवळमधली सपाटीवरची आरामाची धाव. ते बरोबरच आहे. ईजीआर हलक्या लोडवर काम करतं: जळलेला वायू थोडा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, परत सोडायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी पडतो, जळणाचं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. घाटात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॉल्व्ह बंदच असतो. म्हणजे ईसीयू, गाडीचा कॉम्प्युटर, पॉवर कापत होता सपाटीलाच. तिथे ते कुणाला जाणवत नाही, चढ आला की जाणवतं.

इंजिन गरम करून आयडलला स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडायला लावला. एअर फ्लो सेन्सर स्ट्रोकला ३४० मिलिग्रॅम ताजी हवा दाखवत होता. जळलेला वायू आत आला की ताज्या हवेला जागा उरत नाही, त्यामुळे हा आकडा दोनशेच्या आसपास यायला हवा. आकडा ३४० वरून हलला नाही. व्हॉल्व्ह उघडल्याचं स्वतः सांगत होता, पण वायूचा पत्ता नाही.

"इनटेक कार्बनने तुंबलाय," मी छातीठोकपणे सांगितलं. "संध्याकाळी या." काका गेले नाहीत. स्टूल ओढून बसले.

दोन तास खर्चून इनटेक उघडला. माझी अपेक्षा डांबराची होती. डिझेलची काजळी आणि ब्रीदरच्या नळीतून येणारं तेल मिळून तसाच चिकट थर होतो, पेचकसाने खरवडावा लागतो. आत बोट फिरवलं, तर निरांजनाची काजळी लागावी एवढंच काळं. हाताखालचा पोरगा म्हणाला, "भारी मेंटेन केलीय राव गाडी."

मीही क्षणभर खूश झालो. मग चहा आला, आणि अर्ध्या कपात डोक्यात उजेड पडला. दीड लाख पळालेलं, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये झिजलेलं डिझेल आतून इतकं स्वच्छ असेलच कसं? इथे धूर कधी धड पोचलेलाच नाही.

मग धूर जिथून निघतो, ते दुसरं टोक गाठलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ, हीट शील्डच्या मागे ईजीआरच्या पाइपचा फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळलेला जोड, असतो. व्हॉल्व्ह बदलणाऱ्याला तिथे हात घालायची गरजच पडत नाही. दोन बोल्ट, त्यातला एक गंजून असा बसलेला, की स्प्रे मारून अर्धा तास वाट पाहावी लागली. फ्लँज सुटला आणि मधून पत्रा निघाला. हाताने कापलेला, कडेला ग्राइंडरच्या रेघा, एक कोपरा तिरका. मधोमध सहा मिलिमीटरचं भोक होतं, कार्बनने गच्च बुजलेलं. ड्रिलचा बिट हाताने फिरवून मोकळं करावं लागलं.

असा पत्रा घालून ईजीआर पूर्ण बंद केलं की दिवा लगेच लागतो, म्हणून हुशार मंडळी भोक ठेवतात. तेवढा वायू ईसीयूला फसवायला पुरतो. या गाडीत ते भोक हळूहळू बुजत गेलं आणि एक दिवस फसवणूक पुरेना. "पिकअप वाढतं" म्हणून असा पत्रा मागणारं गिऱ्हाईक आठवड्याला एखादं येतंच. आता मी नाही म्हणतो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीच्या काळात दोन-तीन गाड्यांना मीही बसवलाय.

पोराला गॅस्केटसाठी नाना पेठेत पिटाळलं. तोवर पाइप आणि कूलरचं तोंड साफ केलं. सगळं जोडून पुन्हा व्हॉल्व्ह उघडला: ३४०, २८०, २१५. इंजिन किंचित घरघरलं आणि स्थिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना शेजारी बसवून खंबाटकी चढून आलो. दिवा लागला नाही, आणि घाटात तिसऱ्या गिअरलाही ओढ टिकून होती.

"म्हणजे हा जुना व्हॉल्व्ह चांगलाच होता?" परत आल्यावर त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं.

मी व्हॉल्व्हची दांडी दाबून पाहिली. सरकली, स्प्रिंगने परत आली.

"होता."

काका काही बोलले नाहीत. बिलाचे पैसे मोजून दिले, मग बाकावरच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. "तो द्या इकडे."

"कशाला? हात काळे होतील."

"होऊ देत. ज्याच्याकडून गाडी घेतली ना, तो रोज सकाळी तळजाईला फिरायला येतो."

व्हॉल्व्हच्याच वर्तमानपत्रात त्यांनी पत्रा नीट गुंडाळला आणि शबनममध्ये टाकला.