कुसळीची तिसरी पेरणी : बी अखेर रुजले

शुक्रवारी सकाळी प्रो-ट्रेवरचे (रोपे वाढवायच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेवरचे) ओले गोणपाट उचलले आणि सुईसारखी हिरवी पाती दिसली. कार्तिकात पहिल्यांदा पेरलेले कुसळी गवत आषाढात, तिसऱ्या पेरणीत रुजले. आधीच्या दोन पेरण्यांचे आकडे असे होते : ९८ कप्प्यांतून कार्तिकात शून्य आणि माघात तीन, आणि ती तीन रोपेही फाल्गुनात करपली. या वेळी दहाव्या दिवशी ४२ रोपे उभी आहेत.

बी तेच आहे, धुळ्याजवळच्या लळिंगच्या बाजूच्या आमच्या शेताच्या मुरमाड बांधावरच्या त्या एकाच ठोंबाचे. बाकीची कुसळी हिवाळ्यात फिकट पिवळी पडते. हा ठोंब पौषात तांब्याच्या रंगाचा होतो आणि कुंपणाकडेला मला तोच रंग हवा आहे. ठोंब फोडून लावणे सोपे होते हे मला मान्य आहे, पण बांध धरून ठेवणारे एवढे जुने मूळ उपटायला माझे मन होत नाही. शिवाय कुसळीत बहुतेक वेळा नर-मादी संयोगाविनाच गर्भ तयार होतो, त्यामुळे बियांपासूनची रोपेही आईसारखीच निघण्याची शक्यता मोठी असते. म्हणूनच या एका ठोंबाच्या बियांसाठी मी इतका अडून बसलो.

आता मुख्य अडचणीकडे येतो. पहिल्या वेळी मी ताजे बी पेरले, आणि तीच सर्वांत मोठी चूक होती. झडल्यानंतर कुसळीचे बी काही महिने सुप्तावस्थेत असते. कोरड्या उष्ण जागेत ते जसजसे मुरत जाते तसतशी ती अवस्था सुटते. माळावर हे काम चैत्र-वैशाखातली तापलेली जमीन करते. या वेळी मी बी कापडी पिशवीत घालून पत्र्याच्या शेडमध्ये आढ्याखाली टांगले आणि धुळ्याचा संपूर्ण उन्हाळा त्याला सोसू दिला.

दुसरी चूक मोजणीतली होती. कुसळीच्या तुऱ्यात कणिशके (गवताचे बारीक फुलोरे) जोडीजोडीने लागतात, पण सगळीच बी धरत नाहीत. खालच्या जोड्यांना कुसळ (दाण्याला शेपटीसारखा जडलेला लांब ताठ केस) नसते आणि त्यांत दाणाही भरत नाही. वरच्या जोड्यांतले देठाविना बसलेले, काळपट कुसळ असलेले कणिशक तेवढे मादी असते. मी आधी अख्खा तुरा चोळून पेरला होता, म्हणजे माझ्या बऱ्याच कप्प्यांत पेरण्यासारखे काही नव्हतेच. तुरे पिकले की कुसळे एकमेकांना पीळ घालून दोरखंडासारखी गुंततात. तो गुंता हलकेच ओढला की हातात फक्त पिकलेले बी येते. आता मी दुसरे काही गोळा करत नाही.

तिसरी गोष्ट कुसळाची. पेरायला सोपे जावे म्हणून मी दोन्ही वेळा कुसळे कात्रीने छाटून टाकली होती. यंदा ट्रेचे दोन भाग केले : ४९ कप्प्यांत छाटलेले बी, ४९ कप्प्यांत अख्खे. छाटलेल्या भागात ११ रोपे आली, अख्ख्या भागात ३१.

कारण डोळ्यांनी पाहायचे होते, म्हणून एक बी ओल्या मातीच्या वाटीत ठेवून समोर बसलो. कुसळाचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला असतो आणि वरचा सरळ भाग गुडघ्यासारखा वाकून आडवा होतो. ओल लागली तसा पीळ सुटू लागला आणि आडवा भाग घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश फिरला. फिरता फिरता तो वाटीच्या काठाला अडला, आणि त्या क्षणापासून फिरणे बियाकडे वळून टोक मातीत घुसू लागले. टोकावरचे ताठ केस मागच्या दिशेने वळलेले असल्याने, वाळताना पीळ उलटा बसला तरी बी वर आले नाही. छाटलेले बी मात्र मातीवर आडवे पडून राहते आणि दुपारपर्यंत सुकते.

ट्रेत भरायच्या माध्यमाबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिरचीच्या रोपांना उत्तम, पण कुसळीला नको. ते ओल धरून ठेवते आणि पृष्ठभाग इतका भुसभुशीत असतो की टोकाला पकड मिळत नाही. चाळलेला मुरूम, वाळू आणि मूठभर जुने शेणखत, एवढे पुरते. बी विकत घेणाऱ्यांना एक सूचना : एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मला कुसळी म्हणून आलेल्या पाकिटातल्या प्रत्येक दाण्याला तीन कुसळे होती. ते वेगळेच गवत आहे. कुसळीच्या दाण्याला एकच कुसळ असते.

रविवारी मात्र नवा घोळ झाला. उघडीप पडून दुपारी ऊन आले, शेजारशेजारच्या कप्प्यांतली कुसळे वाळताना एकमेकांत गुंतली आणि त्या ताणाने चार रोपे मुळासकट वर ओढली गेली. ती पुन्हा बसवली आहेत आणि वरच्या ४२ मध्ये धरली आहेत. पुढच्या वेळी कुसळाचा फक्त वरचा सरळ भाग छाटून पेरावे, असे मी या नोंदीसाठी लिहूनही ठेवले होते. पण वाटीतले ते अडणे आठवले आणि ते खोडले. सरळ भागच नसेल तर पीळ नुसता जागेवर फिरेल, बी आत जाणार नाही. तेव्हा अख्खे पेरायचे, टोक मातीत शिरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुसळ बोटभर ठेवून कापायचे, आणि ट्रेमध्ये एक आड एक कप्पा रिकामा सोडायचा, असे ठरवले आहे.

हे लिहिताना आणखी एक विचार आला. वणवा गेलेल्या माळावर कुसळी जोमाने येते, म्हणून उरलेल्या साठेक बियांपैकी निम्म्यांना मडक्यात वाळल्या गवताचा धूर देऊन पेरून पाहीन. रोपे कुंड्यांत लावून कुंपणाकडेच्या पायवाटेलगत ठेवण्याचा आधीचा बेत मात्र आता बदलला. आमच्याकडचे मेंढपाळ कुसळे पिकण्याआधीच कळप त्या माळावरून हलवतात, कारण ती लोकरीतून थेट कातडीत शिरतात. घरी लहान मुले आणि कुत्रा आहे. म्हणून रोपे मागच्या भिंतीकडे, काळ्या दगडांच्या उतारावर लावीन आणि तुरे काळे पडू लागताच कापीन. पौषातला तांबूस रंग पानांचा असतो, त्यामुळे तुरे काढल्याने काही बिघडत नाही. पहिली बारा रोपे श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात तिथे जातील.