ह्याचं कोण करणार?

ह्या वर्षी २३ जानेवारीला मी ठाण्यात होते. त्या तारखेला बाळासाहेबांची जयंती नि नेताजींचीही, त्यामुळे गोखले रोडपासून तलावपाळीपर्यंत सगळीकडे बॅनर, हार, स्पीकर. आणि नौपाड्यात आत्याच्या हॉलमधे टीव्हीला मोबाइल जोडून मी त्याच तारखेला जन्मलेल्या तिसऱ्याच माणसाचा फोटो लावला होता. मोठ्या व्हीलचेअरवर रेललेला, श्वासाची नळी तोंडाजवळ, आणि चेहऱ्यावर भरभरून हसू.

"हा कोण गं?" आत्यानं विचारलं.

"एड रॉबर्ट्स. आमच्या बर्कलीचा. आज त्याचा वाढदिवस, कॅलिफोर्नियात एड रॉबर्ट्स डे म्हणून पाळतात."

दादा त्याच्या पलंगावरून बघत होता. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. १९९९ साली बाइकवरून पडला, मानेशी मणक्याला मार बसला, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. खांदे हलतात, हात थोडेसे उचलतात, बोटांच्या पेरांनी कीबोर्ड दाबून तो आज सात-आठ दुकानांचे हिशेब टॅलीवर सांभाळतो. पण उठवणं, आंघोळ, संडास, कूस बदलणं हे सगळं दुसऱ्याने करायचं, आणि तो दुसरा म्हणजे गेली पंचवीस वर्षं आत्या आणि काका. आत्या आता चौऱ्याहत्तर, काका एकोणऐंशी, काकांची कंबर धरलेली. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणून सहा वर्षं नुसत्या मीटिंगा. दादा खाली उतरायचा तर चार मुलं बोलवायची, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलायचं. वर्षातून चार-पाच वेळा, बस.

आणि घरात कुणीही पाहुणा आला, की दादाच्या डोक्यावरून तोच प्रश्न. "तुमच्यानंतर ह्याचं कोण करणार?" दादा तिथेच असतो हो, ऐकत असतो. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं हे मला माहितीये, मीही लहानपणी मनातल्या मनात हेच विचारलंय. पण बर्कलीत सहा वर्षं राहिल्यावर हा प्रश्नच मला वेगळा ऐकू यायला लागला, आणि ह्या पोस्टमधे मला तेच सांगायचंय.

मी राहते तिथून जवळचं लोकल स्टेशन म्हणजे ॲशबी. तिथल्या रेल्वेला बार्ट म्हणतात. ती १९७२ साली सुरू झाली आणि तिच्या स्टेशनांवर लिफ्ट आल्या, कारण हॅरॉल्ड विल्सन नावाचा व्हीलचेअर वापरणारा एक माणूस ती बांधायच्या आधीपासून वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागला होता. ॲशबी स्टेशनातून थेट एका इमारतीत जाता येतं, आत शिरलं की समोर लालभडक गोल गोल वर जाणारा रॅम्प. जिना चढणारे पण त्या रॅम्पवरूनच जातात, इतका तो छान आहे. ही इमारत म्हणजे एड रॉबर्ट्स कॅम्पस, २०१० ला उघडली. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं कुणी देणगीदार असेल. मग वाचायला लागले आणि थांबताच येईना.

एडला १९५३ साली पोलिओ झाला, वय चौदा. मानेखाली जवळजवळ काहीच हलेना, श्वासही स्वतःचा घेता येईना, रोजचे कित्येक तास त्याला आयर्न लंग नावाच्या लोखंडी पेटीत काढावे लागायचे. एका डॉक्टरने त्याच्या आईला सांगितलं की मुलगा वाचला तरी भाजीपाल्यासारखा पडून राहील. तो मोठा झाल्यावर म्हणायचा, ठीक आहे, भाजीच तर भाजी, मग मी आर्टिचोक. बाहेरून काटेरी आणि आत मऊ गाभा.

हे सांगितलं तेव्हा दादा पलंगावरून म्हणाला, "म्हणजे फणस!" आणि काका इतके खळखळून हसले, कितीतरी दिवसांनी.

तर ह्या फणसाला शाळेने बारावीचा दाखला द्यायला नकार दिला, का तर गाडी चालवायचा आणि पीटीचा तास केला नाही! आई, झोना तिचं नाव, ती शाळेच्या बोर्डाशी भांडली आणि दाखला घेतला. मग बर्कली युनिव्हर्सिटी. तिथेही आधी नाहीच म्हणाले, आणि ती पेटी कुठल्याच हॉस्टेलच्या खोलीत ठेवता येईना, शेवटी १९६२ साली कॉलेजच्या दवाखान्याच्या एका वॉर्डात त्याची राहायची सोय झाली. सरकारच्या पुनर्वसन खात्याने तर कागदावर लिहून टाकलं होतं की ह्याचा आजार इतका मोठा आहे की हा कधी नोकरी करू शकणार नाही, त्याच्यावर खर्च करून उपयोग नाही. तेरा वर्षांनी, १९७५ मधे, त्याच खात्याचा डायरेक्टर कोण झाला? एड रॉबर्ट्स. मी हे सांगताना आत्याने टाळीच वाजवली.

पण मला त्याच्या पदापेक्षा तो दवाखाना जास्त मोठा वाटतो. एडच्या मागोमाग तसेच अजून विद्यार्थी तिथे राहायला आले, सहा-सात वर्षांत डझनभर झाले, स्वतःला रोलिंग क्वाड्स म्हणवायचे, म्हणजे चारही हातपाय लुळे पण चाकांवर फिरणारे. सगळे एकत्र आल्यावर त्यांच्या लक्षात काय आलं, की आपल्याला कॉलेजपेक्षा जड जातंय ते घर, रस्ता आणि माणूस. व्हीलचेअर शिरेल असं घर नाही. फुटपाथच्या कडेला उतार नाही. आणि सकाळी उठवायला येणारा माणूस कोण असावा, कधी यावा, हे आपल्या हातात नाही. मग १९७२ मधे त्यांनी स्वतःचं सेंटर काढलं, सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग. तिथे अटेंडंटची यादी मिळायची, घरं शोधून द्यायचे, व्हीलचेअर रिपेअर व्हायच्या, आणि मुख्य म्हणजे चालवणारे स्वतःच अपंग. त्यातला हेल झुकास, सेरेब्रल पाल्सी, बोलणं परक्याला कळायचं नाही, डोक्याला काठी बांधून अक्षरांच्या पाटीवर एकेक अक्षर दाखवायचा. बर्कलीच्या गणितातला पदवीधर. फुटपाथचे उतार नि बार्ट ह्यासाठी तो सगळ्यांच्या मागे लागलेला असायचा. आज मी भाजीची ट्रॉली नि माझी मैत्रीण बाबागाडी ज्या उतारावरून सहज ढकलतो ना, तो अशा लोकांनी भांडून मिळवलाय. आता अमेरिकेत अशी शेकडो सेंटरं आहेत आणि कायद्यानेच तिथे बोर्डावर नि नोकरीत निम्म्याहून जास्त माणसं अपंग असावी लागतात.

ज्युडी ह्यूमनबद्दल तर किती लिहू. दीड वर्षाची असताना पोलिओ. ब्रुकलिनच्या शाळेत आई घेऊन गेली तर मुख्याध्यापक म्हणाले, व्हीलचेअर आहे, आग लागली तर अडचण होईल, घेता येणार नाही. पुढे शिक्षिकेची परीक्षा पास झाली, मेडिकलमधे नापास केलं, कारण चालता येत नाही. तिने कोर्टात केस केली, बोर्डाला नमतं घ्यावं लागलं, आणि तिने न्यूयॉर्कमधे शिकवलं. मग एडने तिला बर्कलीला बोलवून घेतलं. १९७३ साली कायदा झाला होता, त्याचं कलम ५०४, सरकारी पैसा घेणाऱ्या कुणालाही अपंगांशी भेदभाव करता येणार नाही, पण चार वर्षं झाली तरी नियमच काढेनात. म्हणून ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत ज्युडीसकट दीडशेच्या आसपास माणसं शिरली आणि बाहेरच येईनात. तीन आठवड्यांहून जास्त. जमिनीवर झोपायचं, ज्यांना रात्री कूस बदलून द्यावी लागते त्यांची कूस शेजारच्याने बदलायची, फोन तोडले तेव्हा बहिऱ्या साथींनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोचवले. ब्लॅक पँथर ह्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाचे लोक रोज गरम जेवण आणून द्यायचे, कारण त्यांचा ब्रॅड लोमॅक्स आत होता, त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. पुढचा १९९० चा अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा ह्याच पायावर उभा राहिला.

आत्या हे सगळं ऐकून गप्प झाली, मग हळूच म्हणाली, "आणि ह्यांच्या आया?" मला क्षणभर उत्तर सुचेना. मग झोनाचं परत सांगितलं, की मुलाच्या बरोबरीने तीही पुढे कॉलेजात शिकली. आत्याला ते फार आवडलं. तिचं शिक्षण एसवायला सुटलंय.

आता माझ्या शेजारणीचं. बर्कलीत आमच्या बिल्डिंगमधे तळमजल्यावर एक साठीची बाई राहते, मान आणि एक हात सोडला तर शरीर हलत नाही. एकटी राहते. मला आधी वाटायचं बिचारीचं कुणी नाही. एकदा तिच्याकडे कुरिअर द्यायला गेले तर किचनमधे ती एका मुलाची मुलाखत घेत होती. अटेंडंटची. समोर कागद होता, त्यावर तिच्या दिवसाचा क्रम. उठल्यावर आधी कॉफी. आंघोळ कॉफीनंतर. टॉवेल कुठला. मला उचलताना आधी सांग मग हात लाव. तिने त्याला विचारलं, "मी सांगितलेलं आणि तुला बरोबर वाटतं ते वेगळं असेल तर काय करशील?" तो म्हणाला, तुम्ही सांगाल ते. त्याला कामावर घेतलं. तिथे आयएचएसएस म्हणून सरकारी योजना आहे, उत्पन्न कमी असलेल्या अपंगांना आणि म्हाताऱ्यांना महिन्याचे तास मंजूर होतात, त्या तासांचे पैसे सरकार देतं, पण माणूस निवडायचा कुणी, काम सांगायचं कुणी, काढायचा कुणी, तर ज्याला गरज आहे त्याने. सगळं आलबेल आहे असं नाही, पगार कमी आहेत, माणसं टिकत नाहीत, शेजारीण ह्यावर तासभर बोलू शकते. पण तिच्या घरात मालकीण तीच.

आणि इथे? मागच्या वर्षी ब्युरोमधून एक माणूस ठेवला होता दादासाठी. पहिल्याच दिवशी तो काकांना विचारतो, "ह्यांना आंघोळ किती वाजता घालू? जेवायला काय देऊ?" दादा समोर. पन्नाशीला आलेला, घरात पैसे आणणारा माणूस. काकांनी पण सवयीने उत्तर दिलं, सात वाजता. दादाला सकाळी सातला आंघोळ आवडत नाही, कधीच आवडली नाही, त्याला आधी दोन कप चहा आणि पेपर हवा असतो. हे मला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ह्या जानेवारीत कळलं, कारण मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

आपण शाळेत स्वावलंबन शिकलो ते म्हणजे स्वतःचं ताट स्वतः घासणं. त्या हिशेबात दादा कायम परावलंबी. बर्कलीची मंडळी वेगळं मोजतात. एक जण दोन तास झटून एकट्याने कपडे घालतो आणि दमून घरीच बसतो, दुसरा मदतनिसाकडून पंधरा मिनिटांत तयार होऊन कामावर जातो, तर दुसरा जास्त स्वतंत्र. हात कुणाचे आहेत हे महत्त्वाचं नाही, ठरवतो कोण ते महत्त्वाचं. म्हणून "ह्याचं कोण करणार" ह्या प्रश्नात मला "करणार"पेक्षा "ह्याचं" हा शब्द जास्त खुपतो.

आणि हे काही फक्त अमेरिकेचं खूळ नाही. आपल्या कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक, स्वतः व्हीलचेअरवर, त्यांनी १९८४ पासून किती जणांना उभं केलं. दिल्लीचे जावेद अबिदी, १९९५ चा अपंगांचा कायदा व्हावा म्हणून व्हीलचेअरवरून रस्त्यावर उतरले, तेही अमेरिकेत शिकून परत आले होते. आणि आपल्या २०१६ च्या कायद्याचं कलम ५ वाचा एकदा. समाजात राहायचा हक्क, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नाही, आणि घरी मदत मिळावी म्हणून सरकारने प्रयत्न करायचे, त्यात मदतनीससुद्धा. ते मी दादाला मोबाइलवर वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं.

मग तो जे बोलला ते तो कितीतरी वर्षं मनात धरून असणार. म्हणाला, रिडेव्हलपमेंटमधे आपल्याला टू बीएचके मिळणार, त्याऐवजी शेजारी शेजारी एक वन बीएचके नि एक वन आरके घेऊ. वन आरके मला. आत्याचा चेहरा पडला. "म्हणजे आमच्यापासून वेगळा राहणार तू?"

"आई, भिंतीपलीकडे. पण दार माझं."

त्या रात्री आत्या जेवली नाही. मी तिची बाजू पण समजू शकते, जिने पंचवीस वर्षं रात्री दोनदा उठून कूस बदलून दिली तिला हे नकोशी झाल्यासारखं वाटणारच. दुसऱ्या दिवशी काका टेप घेऊन दारांची मापं घेत होते. दादाने सोसायटीला पत्र लिहिलं, पेरांनी टाइप करून, दोन पानं. लिफ्टचं दार नव्वद सेंटीमीटर, खाली रॅम्प आणि तो मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्यांजवळून नाही तर समोरून, बाथरूमला उंबरठा नको. बिल्डरने अजून हो म्हटलेलं नाही. समितीतले एक काका म्हणाले एका माणसासाठी एवढं कशाला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, गुडघ्यांची दोन ऑपरेशनं झालेल्या, त्या म्हणाल्या एका नाही दोन, माझं पण नाव घाल रे त्या पत्रात.

नवा मदतनीस ठेवायचा होता. ह्या वेळी मुलाखत दादाने घेतली. तिघं आले होते. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी, दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा थांबली. दादाने कळव्याच्या एका मुलाला निवडलं, आठवड्याची एक पक्की सुट्टी स्वतःहून सांगितली, पगार पण ब्युरो कापून घेईल म्हणून थेट देण्याचं ठरवलं, त्याच्याच हिशेबाच्या पैशातून.

मी १ फेब्रुवारीला परत आले. परवा व्हिडिओ कॉल केला, तिकडे सकाळचे साडेनऊ. दादा पलंगावर टेकून बसलेला, पारोसा, समोर पेपर, तो मुलगा दुसरा चहा आणत होता.

"आत्या कुठाय?"

"तलावपाळीला. खालच्या काकूंबरोबर चालायला जायला लागलीय रोज. अजून यायचीय."