चोर्ला घाटात बेडूक बघायला जाताय? आधी टाकीपाशी जा

जायचं तर जूनमध्येच जायला हवं होतं. पण तिघांच्या सुट्ट्या जुळल्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, त्यामुळे पहिल्या पावसात पिवळेजर्द होणारे बुलफ्रॉग हुकले ते हुकलेच. तो रंग फक्त नरांना चढतो आणि तोही थोडे दिवस, मग परत आपले मळकट हिरवे. बुकिंग घेणाऱ्याला मी हे विचारलं होतं बरं का. "सगळं दिसतं सर, ऑगस्टपर्यंत दिसतं" म्हणाला. तिथंच शहाणं व्हायला हवं होतं.

रेट माणशी २८०० रुपये, रात्रीचा 'रेनफॉरेस्ट ट्रेक', उडता बेडूक (झाडावरून तरंगत उडी मारणारा) गॅरंटीड. गोव्यातलं साखळी, केरी, मग घाट, इथपर्यंत मस्त. वर पोचल्यावर म्हणे जीपचे १५०० वेगळे. ठीक आहे म्हटलं, जंगल आत असेल. जीप पाऊण किलोमीटर गेली आणि थांबली. पाऊण!

तिथून सडा (खडकाळ पठार) ओलांडून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरायची वाट आहे, तिच्याबद्दल नीट ऐका. जांभ्याचा कातळ, त्यावर शेवाळ, त्यावरून वाहतं पाणी, मिट्ट काळोख आणि आधाराला फक्त कारवीची झुडपं. बूट चांगल्या ग्रिपचे होते तरी मी दोनदा बसकण मारली, दुसऱ्यांदा बसलो तेव्हा पँट फाटली. जळवांसाठी मीठ नेलं होतं, पाच मिनिटांत त्याचं पाणी झालं, लीच सॉक्स नसतील तर जाऊच नका. आणि टॉर्च मारल्याशिवाय एकही फांदी धरू नका. मित्राने हात पुढे केला आणि वीतभर अंतरावर मलबारी चापडा वेटोळं घालून बसलेला. तो बसतोच तिथे, बेडूक खायला, त्याचीही तीच जागा. गाइड म्हणे "काही करत नाही". अरे विषारी साप आहे बाबा तो!

एवढं करून खाली काय मिळालं? बुश फ्रॉग या झुडपांतल्या चिमुकल्या बेडकांची चहूकडून टिकटिक, अर्धा तास शोधून दिसला एक, अंगठ्याच्या पेराएवढा. याची गंमत अशी की याला डबकं लागतच नाही, ओल्या पाल्यात अंडी घालतो आणि अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो, शेपटीवाला डिंभ वगैरे भानगड नाही. पाण्यावर झुकलेल्या एका पानावर नाइट फ्रॉग या ओढ्याकाठच्या बेडकाची अंडी चिकटलेली होती, खाली वाहतं पाणी, पिल्लं फुटली की टपाटप आत. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण गाइडला घाई. उडता बेडूक? "आज नशीब नाही सर." आणि गॅरंटी? "निसर्ग आहे सर." पैसे अर्थातच परत नाहीत.

रात्री एक वाजता होमस्टेवर चिखलात लडबडून परतलो, कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) मागच्या सिमेंटच्या टाकीवर पाय धुवायला गेलो आणि कानाशी टक-टक-टक, कोणी फळीवर बोटं वाजवावीत तसं. टॉर्च वर केला तर टाकीवर वाकलेल्या फांदीवर हिरवागार मलबारी उडता बेडूक, पंजांचे पडदे लालभडक! एक नाही, चार! मादी मागच्या पायांनी फेस घुसळत होती, अंड्याचा पांढरा फेटतात ना अगदी तसा, आणि नर तिला बिलगलेले. अंडी त्या फेसात ओली राहतात, पुढे फेस विरघळला की डिंभ खाली टाकीत पडतात. आम्ही तिघं पहाटे तीनपर्यंत तिथेच, पाय न धुता. पँट, जळवा, २८०० रुपये, सगळं विसरलो.

सकाळी होमस्टेच्या काकींना सांगितलं तर त्या हसतच सुटल्या, "बेबे बघूक पैशे दिलात?" बेबे म्हणजे बेडूक. त्यांच्याकडे दर पावसाळ्यात असतात.

तर माझं स्पष्ट मत, पॅकेज घेऊ नका. कुळागर असलेल्या घरी दोन रात्री राहा, अंधार पडला की टाकी, विहीर, रस्त्याकडेची डबकी बघा. अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी स्वतः काढा. बेडूक हातात घेऊन फोटो अजिबात नको, त्यांची कातडी सगळं शोषून घेते आणि तुमच्या हाताला डास पळवायचं क्रीम असतं. गांडुळासारखं जाडसर काही रस्त्यात वळवळलं तर चिरडू नका, ते देवगांडूळ, बेडकांचंच भाऊबंद, इथल्या एका जातीला म्हादई नदीचंच नाव आहे, २००७ मध्ये नोंदलेली. कोणी हळूच 'जंपिंग चिकन' (म्हणजे बेडकाचं मांस) विचारलं तर सरळ नाही म्हणा, बुलफ्रॉग मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्ल्याचं देऊळ केलं, छान आहे, सगळ्यांना माहीतच आहे.

हां, चवथीला (गणेश चतुर्थीला) पाहुणे यायच्या आधी काकी टाकी घासून काढतात. त्याच्या आत पोचा.