केस गेले नाहीत, पांढरे झाले

लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, परवा तर लग्नाच्या पंगतीत विचारलं कुणीतरी, "केमो चालू आहे ना? मग केस कसे गेले नाहीत? आणि असे पांढरे कशाने झाले?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मला सार्कोमा आहे, म्हणजे स्नायू, चरबी, हाडं असल्या जागी होणारा कॅन्सर. मांडीच्या स्नायूत निघाला, फुप्फुसात गेला. मोठ्या माणसांच्या 100 कॅन्सरमध्ये जेमतेम 1 असला. सलाइनमधून केमो घेतली तेव्हा केस गेलेच होते; परत आले ते काळेभोर. आता रोज पाझोपॅनिबच्या गोळ्या घेते, 800 मिलिग्रॅम, उपाशीपोटी. ही केमो नव्हे. गाठ वाढायला रक्त लागतं, म्हणून ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना फाटे फोडायला लावते. चोरून घेतलेलं नळाचं कनेक्शनच म्हणा. ते मिळालं नाही तर गाठ एक-दोन मिलिमीटरवरच अडते, असं ज्यूडा फोकमन या अमेरिकन सर्जनने 1971 मध्ये मांडलं. तेव्हा बऱ्याच जणांनी ते हसण्यावारी नेलं. माझी गोळी ती जोडणी अडवते.

पण नवी रक्तवाहिनी फक्त गाठीलाच लागते थोडीच! गेल्या महिन्यात विळीवर बोट कापलं, ते भरायला तीन आठवडे गेले. बीपीही चढतं, म्हणून सकाळी चहाआधी दंडाला पट्टा.

गोळीने बरी होणार का, हेही विचारतात, जरा हळू आवाजात. नाही. 2012 मध्ये छापून आलेल्या चाचणीत 369 रुग्ण होते. निम्म्या लोकांचा आजार गोळीवर 4.6 महिने तरी थोपला, नुसत्या खोट्या गोळीवर 1.6. आयुष्य मात्र ठामपणे वाढलं असं म्हणण्याइतका फरक दिसला नाही. चरबीतल्या सार्कोमाचे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. माझा हा अकरावा महिना.

आणि केस? केसांना रंग देणाऱ्या पेशींना किट नावाचं प्रथिन लागतं. गोळी जाता जाता त्यालाही अडवते. मध्ये लिव्हरचे रिपोर्ट बिघडले, दीड महिना गोळी बंद होती. तेवढे केस काळे उगवले. आता टोकं काळी, मग पांढरे, मध्ये बोटभर काळा पट्टा, मुळाशी परत पांढरे.

पार्लरमधल्या मुलीने विचारलं, "काकू, हायलाइट्स कुठे करून घेतलेत?"

तिला मी काहीच सांगितलं नाही.