दिराची सही चालेल म्हणे!

हे मूल नको, असं आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर ठरवलं. नवरा क्रूझवर नोकरीला, बोट बंदराला लागली होती म्हणून रेंज मिळाली. दोन मुली आहेत, धाकटी आत्ता कुठे बालवाडीत जायला लागलीय, माझी नोकरी पणजीला आणि रोजचा डिचोली ते पणजी बसचा प्रवास. त्यात गर्भनिरोधक साधन फसलं. साधन फसणं हे कारण १९७१ च्या गर्भपात कायद्यात आहेच, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी बाई विवाहित असायला हवी हीही अट उरलेली नाही.

आधी ज्या खासगी डॉक्टरांकडे गेले त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, "माझ्या धर्मात हे बसत नाही, मी करत नाही." आणि सरकारी इस्पितळात स्त्रीरोगाची ओपीडी कोणत्या वारी असते ते चिठ्ठीवर लिहून दिलं. मला त्यांचा मुळीच राग आला नाही. उलट नंतर जे भोगलं त्यापुढे त्या देवमाणूस वाटल्या.

केसपेपर, रक्त, लघवी, सोनोग्राफी हे सगळं बिनबोभाट झालं. सोनोग्राफीच्या वेळी फॉर्म एफ भरतात, त्यात आधीची मुलं किती आणि मुलगा की मुलगी तेही लिहावं लागतं. तो गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याचा भाग आहे, त्याला हरकत नाही. सात आठवडे पूर्ण, असा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्यांनी होईल म्हणाल्या आणि कागद पुरे करायला खिडकीवर पाठवलं.

आता खिडकी.

तिथल्या बाईने एक झेरॉक्स पुढे सरकवली. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं फुगलेली, कागद मशीनवर तिरका ठेवलेला, त्यामुळे डावीकडची ओळ अर्धी गायब. खाली "पती / नातेवाईक यांची सही", त्याच्यापुढे निळ्या पेनाने फुली मारून ठेवलेली.

"घोवाक घेवन यो," बाई म्हणाल्या.

नवरा बोटीवर आहे म्हटलं. मग तो आल्यावर या. तो आला की बाळंतपणाचीच वेळ होईल, म्हटलं. त्यावर त्यांनी मान वर केली, केसपेपर वाचला, दोन मुली बघितल्या आणि आवाज बदलला. "सोनोग्राफीत काय कळलं काय तुला?" मागच्या बाकावरच्या बायका गप्प झाल्या. अहो, सात आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसतच नाही! पण भिंतीवर 'इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही'चा बोर्ड, शेजारी बेटी बचावचं पोस्टर, आणि ते वाचून वाचून लोकांच्या डोक्यात बसलंय की गर्भपात म्हणजेच भ्रूणहत्या आणि तुरुंग. दोन वेगळे कायदे आहेत. लिंग तपासणं गुन्हा. नको असलेला गर्भ कायद्याच्या चौकटीत काढणं गुन्हा नाही.

नवऱ्याला फोन लावून देते म्हटलं, तर फोनवरची संमती चालत नाही. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवेल, तेही नाही. मी चिकटून उभीच राहिले तेव्हा बाई जरा नरमल्या आणि त्यांच्या मते त्यांनी मला वाट काढून दिली: "घरांत देर आसा न्हय? ताची सय चलता."

दिराची! ज्या माणसाशी मी पाळीबद्दल चकार शब्द बोललेले नाही, त्याने माझ्या गर्भावर सही करायची. म्हणजे नवऱ्याचं मत बाईंना हवंच नव्हतं. सासरचा कोणीही पुरुष हवा होता. गोव्यात आपल्याला सवय आहे, घर विकायचं तर नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात. पण ते घर दोघांचं असतं म्हणून.

कायद्यात अठरा वर्षांवरच्या बाईची एकटीची संमती पुरते. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरांना बजावलंय की कुटुंबाच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी घालू नका. हे मी खिडकीवर बोलले. "कोर्टात जा मग," असं उत्तर मिळालं. लेखी द्या म्हटलं तर, "आम्ही कोणाला लिहून देत नाही."

मी तोच केसपेपर घेऊन परत ओपीडीच्या रांगेत बसले. डॉक्टरांनी तो तिरका कागद बघितला आणि म्हणाल्या, "हा ऑपरेशनचा फॉर्म आहे, तुला कशाला दिला?" ड्रॉवरमधून फॉर्म सी, म्हणजे गर्भपाताच्या संमतीचा फॉर्म, काढला. नाव, वय, पत्ता, माझी सही. नवऱ्याच्या सहीसाठी त्यात जागाच नाही. तुम्ही गेलात तर पहिल्यापासून "फॉर्म सी द्या" असंच म्हणा. फॉर्मचं नाव घेतलं की समोरच्याचा सूर बदलतो.

गोळ्यांचे दिवस दुखण्याचे असतात, घरात कोणीतरी हवं. माझी बहीण आली. सासूबाईंना पाळीचा त्रास एवढंच सांगितलंय, कारण "तिसऱ्या खेपेला मुलगा झाला असता तर?" हे मला ऐकायचं नव्हतं. १८८० च्या पोर्तुगीज काळच्या हुकमात गोव्यातल्या हिंदू नवऱ्याला, बायको तिशीची झाली तरी मुलगा नाही म्हणून दुसरी करायची सोय होती. हुकूम जुना झाला, वाक्य अजून चालू आहे.

हो, रक्तगटाचा रिपोर्ट जवळ ठेवा. निगेटिव्ह असलात तर वेगळं इंजेक्शन लागू शकतं, ते विचारा. पुन्हा तपासायला बोलावतील तेव्हा जाच. आणि ठरवायला वेळ घ्या, पण गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांपर्यंतच असते हे ध्यानात ठेवून. नाव फुटेल अशी भीती असेल तर: संमतीचा कागद बंद पाकिटात जातो, त्यावर अनुक्रमांक असतो आणि 'गुप्त' असं लिहायचा नियम आहे. खिडकीवर मोठ्याने ओरडून विचारणाऱ्या बाईंना मात्र हा नियम कोणी सांगितलेला दिसत नाही.

वैद्यकीय अधीक्षकांना पत्र दिलंय, शिक्का मारून पोच घेतलीय. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात एकच विचारणार आहे: गोळ्या घ्यायला आलेल्या बाईला 'पती / नातेवाईक' ही ओळ कोणत्या नियमाखाली पुढे करता?