पहाटे सहाचं मैदान

अमळनेरला मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत माझी लेक दिवसभर कूलरसमोर मोबाईल घेऊन पडलेली असायची. जेवायला बसली की अर्धी भाकरी, आणि रात्री बारापर्यंत डोळे टक्क उघडे. मी नुसती ओरडायचे. सासरे, आमचे नाना, एवढंच म्हणाले, "तिले खेयाले धाड."

शाळेत तरी कुठे खेळायला मिळत होतं? खेळाचा तास परीक्षेच्या नावाखाली गणिताला दिलेला. पालकसभेत मी विचारलं, तर "दहावीला खेळ कामाला येतो का?" असं उत्तर मिळालं. अजून राग येतो मला त्याचा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून निदान ३ दिवस हाडं आणि स्नायू बळकट करणारी. वाढत्या वयात उड्या मारून, पळून हाडं जी घट्ट होतात, ती पुढे जन्मभर पुरतात. हे काय गणितापेक्षा कमी आहे?

मग उन्हाच्या आधी, पहाटे सहाला तिला खो-खोला न्यायला लागले. मैदानावर रात्रीच पाणी मारलेलं असायचं, मातीचा गार वास यायचा. आठ पोरी एकाआड एक उलट्या तोंडाने पाटीवर बसलेल्या. एक पाय पुढे, हाताची बोटं मातीत रुतलेली. पाठीवर थाप आणि "खो" येईपर्यंत उठायचं नाही. माझी अधीर पोर आधीच उठायची आणि फाऊल व्हायचा. पंधरा दिवस हेच. रडलीसुद्धा. सोळाव्या दिवशी शेजारून पळणारी दिसत असूनही ती बसून राहिली, खो मिळाला तशी उसळली आणि खांबाजवळ सूर मारून तिने गडी बाद केला. गुडघा सोलला होता, पण तिचं लक्षच नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राची. ती मॅच लेकीने नानांच्या मांडीला टेकून पाहिली, प्रत्येक खोला स्वतःच अर्धी उठत.

आता रात्री कळण्याची दीड भाकरी आणि ठेचा खाते. साडेनऊला गच्चीवर अंथरूण टाकते, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन वर पोचेपर्यंत झोपलेली असते.