नकाशातला डेटा नेमका कुठून येतो? शेकडो फायलींची झडती

जुना फाइल सर्व्हर बंद करायचं ठरलं, आणि पहिला प्रश्न आला: त्याच्यावरचं काय काय आपण अजून वापरतोय? उत्तर कुणाकडेच नव्हतं. पाणलोट, गावसीमा, निरीक्षण विहिरी यांचे नकाशे अनेक वर्षांत अनेकांनी केलेले. काही आर्कमॅपमध्ये, काही क्यूजीआयएसमध्ये; दोन्ही नकाशे करायची सॉफ्टवेअर. या फायलींत रंग, लेबलं, मांडणी सगळं असतं, पण डेटा नसतो. डेटाचा फक्त पत्ता असतो. फोल्डर हलला की लेयरपुढे, म्हणजे नकाशातल्या त्या थरापुढे, लाल उद्गारचिन्ह येतं आणि नकाशा कोरा पडतो.

एकेक फाइल उघडून प्रत्येक लेयरचा सोर्स एक्सेलमध्ये उतरवावा, असंही सुचवलं गेलं. पण एका नकाशात वीस-वीस लेयर असतात. माणूस कंटाळतो, आणि कंटाळला की ओळी गळतात. म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट.

एक नियम मी आधीच घालून घेतला: स्क्रिप्ट फक्त वाचेल, काहीही सेव्ह करणार नाही. जुने पत्ते एका झटक्यात बदलून देणारी सोय आर्कपायमध्ये, म्हणजे आर्कमॅपच्या पायथन लायब्ररीत, आहे आणि ती पाहून हात शिवशिवतात. पण काय कुठे आहे ते कळायच्या आत बदलत सुटलो, तर मुळात काय होतं याचा पुरावाच राहत नाही. या कामात हा संयम सगळ्यात मोलाचा, असं माझं ठाम मत आहे.

क्यूजीआयएसच्या फायली सोप्या गेल्या. क्यूजीझेड ही साधी झिप फाइल असते आणि तिच्या आत क्यूजीएस ही एक्सएमएल फाइल. क्यूजीआयएस सुरूही न करता, पायथनच्या नेहमीच्या झिप आणि एक्सएमएल मॉड्यूलनी प्रत्येक लेयरचं नाव, प्रोव्हायडर (डेटा कशा प्रकारचा आहे ते) आणि डेटासोर्स (डेटाचा पत्ता) काढता येतो. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पत्ता बरेचदा सापेक्ष असतो, म्हणजे प्रोजेक्ट फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजलेला. तो पूर्ण करून घेतल्याशिवाय यादीला अर्थ नाही. आणि पोस्टग्रेस डेटाबेसमधून येणाऱ्या लेयरमध्ये कुणी पासवर्ड प्रोजेक्टमध्येच साठवला असेल, तर तो डेटासोर्सच्या ओळीत उघडा दिसतो. आमच्याकडे असे पासवर्ड निघाले. ते गाळूनच यादी लिहायची अशी ओळ स्क्रिप्टमध्ये घातली आणि ते सगळे बदलून घेतले.

एमएक्सडीने, म्हणजे आर्कमॅपच्या नकाशाच्या फाइलने, खरा घाम काढला. ही बायनरी फाइल, साधा मजकूर म्हणून न वाचता येणारी. ती वाचायला आर्कमॅपचंच पायथन २.७ आणि आर्कपाय लागतं. ईएसआरआय या आर्कमॅप बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या समर्थनाची शेवटची तारीख १ मार्च २०२६ ठरवलेली, त्यामुळे परवाना आणि चालतं मशीन हाताशी असतानाच हे उरकणं भाग होतं. ग्रुप लेयरला स्वतःचा सोर्स नसतो. त्याला तो विचारला की स्क्रिप्ट तिथेच थांबते. म्हणून आधी ‘तुझ्याकडे डेटासोर्स आहे का’ हे तपासायचं आणि मगच पुढे जायचं. सुटे तक्ते लेयरच्या यादीत येतच नाहीत, ते वेगळे मागवावे लागतात. नकाशात मेलेल्या सर्व्हरचे पत्ते असतील तर फाइल उघडायलाच फार वेळ लागतो. म्हणून प्रत्येक नकाशा झाला की त्याच्या ओळी लगेच लिहून टाकायच्या आणि न उघडणाऱ्या फाइलचं नाव वेगळ्या यादीत ठेवून पुढे सरकायचं. ‘विहिरी’, ‘नाला’ अशी लेयरची देवनागरी नावं पायथन २.७ च्या सीएसव्हीत लिहिताना यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्यावी लागतात. शिवाय फाइलच्या सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ओळखू यावं म्हणूनचे बाइट्स) नसेल, तर तीच नावं एक्सेलमध्ये अगम्य चिन्हं होऊन बसतात.

यादी हाती आली तरी ती लगेच वाचण्याजोगी नव्हती. एकच फोल्डर कुणाच्या मशीनवर झेड ड्राइव्ह, कुणाच्या मशीनवर सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा लांब पत्ता. ते सगळे एका रूपात आणले, लहान-मोठी अक्षरं सारखी केली. मग प्रत्येक शेपफाइलच्या एसएचपी (आकार) आणि डीबीएफ (माहितीचा तक्ता) भागांचा हॅश, म्हणजे आतल्या बाइट्सवरून निघणारा ठसा, काढला. डीबीएफच्या सुरुवातीच्या बाइट्समध्ये शेवटच्या बदलाची तारीख असते, त्यामुळे आतला मजकूर तोच असूनही हॅश वेगळा येऊ शकतो. अशा जोड्या रकाने ताडून पाहिल्या. इतकं केल्यावर कुठली फाइल खरंच वेगळी आणि कुठली नुसती प्रत, हे कळू लागलं.

आणि मग जव्हारची ओळ आली. नकाशाचं शीर्षक ‘पालघर जिल्हा’. लेयरचं नाव ‘जिल्हा सीमा – नवीन’. सोर्स मात्र ३५ जिल्ह्यांच्या जुन्या शेपफाइलचा, जिच्यात जव्हार ठाण्यातच आहे. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. नकाशात तालुक्याच्या सीमेवर इतके थर होते की खालची जिल्ह्याची रेषा कुणाच्या नजरेत भरलीच नव्हती; पण जिल्हावार बेरीज याच लेयरवरून होत होती. लेयरला दिलेलं नाव आणि त्यामागचा डेटा यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, हे इतकं लख्ख दुसऱ्या कशानेच दिसलं नसतं. लोकांच्या गावाची आकडेवारी भलत्या जिल्ह्यात मिसळणं ही माझ्या लेखी बारीक चूक नाही.

त्या दिवशी यादीत आणखी रकाने जोडले: लेयरवर लावलेली गाळणी, जोडलेला तक्ता, आणि प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत). गाळणीचा रकाना विशेष उपयोगी पडला, कारण एकाच शेपफाइलवर वेगवेगळ्या तालुक्यांच्या अटी घालून बरेच नकाशे उभे होते. ती एक फाइल हरवली असती तर सगळेच गेले असते. ती पहिल्यांदा नव्या सर्व्हरवर हलवली.

आता प्रोजेक्शनच्या रकान्याचं काम चालू आहे. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेचा महाराष्ट्र यूटीएम या प्रोजेक्शनच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतो, पूर्वेचा ४४ मध्ये. भंडारा-गोंदियाच्या काही ओळींत ४३ सापडतोय. पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसतं, पण गोंदियाचं क्षेत्रफळ ४३ मध्ये मोजलं तर १०० हेक्टरमागे अर्ध्या हेक्टरहून जास्तच वाढून येतं. अशा ओळी वेगळ्या काढल्या आहेत आणि त्यांवरून कोणकोणत्या अहवालांत क्षेत्रफळ गेलं, ते आता शोधतेय.